खाजकुइली आणि थबकलेले पाऊल

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एखाद्या छोट्या वर्कशॉपच्या दारात उभे राहून लेथवर काम करणारा कसबी टर्नर तुम्ही कधी पाहिला आहे काय? नसेल, तर संधी मिळताच जरूर पाहा. लोखंडी दांडा गरगर फिरत असतो, हत्याराच्या टोकाशी धातूची वेटोळी निघत असतात, आणि टर्नरचे दोन्ही हात दोन निरनिराळ्या चाकांवर सावकाश फिरत असतात. गंमत अशी, की त्याच वेळी तो शेजारच्या मशीनवरील सोबत्याशी कालच्या क्रिकेटच्या सामन्याबद्दल बोलत असतो! तरीही माप केसाइतकेसुद्धा चुकत नाही. चाक किती फिरवायचे हे तुम्हाला कसे समजते, असे त्याला विचारलेत, तर तो हसून म्हणेल, “हाताला कळते.”

हाताला कळते, हे बोलणे मोठे छान आहे. पण शास्त्राच्या दृष्टीने ते खरे नाही. हाताला काहीच कळत नाही. कळते ते मेंदूला. शिकाऊ असताना ज्या हालचालीकडे टर्नरला डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावे लागत होते, ती हालचाल हजारो वेळा केल्यावर मेंदूच्या खोल भागातील एका यंत्रणेकडे सोपवली गेली. आता ती आपोआप होते. तुमचे चालणे, सायकल चालवणे, शर्टाची बटणे लावणे, स्वतःचे नाव लिहिणे, ही सारी कामे अशीच आपोआप होतात. शाळेत जाताना ‘आता उजवा पाय, आता डावा पाय’ असे तुम्ही मनाशी म्हणत नाही.

नेमकी ही ‘आपोआप’ची देणगीच माणसाकडून हळूहळू काढून घेणारा एक आजार आहे. त्याचे नाव पार्किन्सनचा आजार. आपल्याकडे त्याला कंपवात म्हणतात. बहुधा वयाची साठी उलटल्यावर तो गाठतो. वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी एक. महामंडळ स्थापन झाले १९६२ साली. त्या सुमारास विशी-पंचविशीत येथील कारखान्यांत कामाला लागलेले लोक आता ऐंशीच्या पुढे गेले आहेत. त्यांतले बरेच कारखाने बंद होऊन त्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या; पण किसननगर, श्रीनगर, लोकमान्यनगर या भागांत त्या पिढीतील आजोबा अजून भेटतात. तुमच्या घरी किंवा शेजारी असे एखादे आजोबा असतील आणि त्यांचा हात मांडीवर ठेवलेला असतानाही थरथरत असेल, तर हा लेख तुमच्या उपयोगी पडेल.

आणखी एक योगायोग आहे. वागळे इस्टेटच्या पाठीमागे येऊरचे डोंगर आहेत. सह्याद्रीच्या अशा डोंगरांत एक कुप्रसिद्ध वेल वाढते. या वेलीच्या बियांत असे एक द्रव्य असते, की त्याच्यामुळे जगातील लाखो रुग्ण पुन्हा उठून चालू लागले. ती वेल म्हणजे खाजकुइली!

हसू नका. खाजकुइलीची आणि मेंदूची गोष्ट गंभीर आहे. पण ती समजण्यासाठी आधी आजार समजून घेऊ.

फिकट पडलेला काळा डाग

१८१७ साली जेम्स पार्किन्सन नावाच्या लंडनमधील डॉक्टराने एक छोटीशी पुस्तिका छापली. तीत त्याने अवघ्या सहा रुग्णांचे वर्णन केले होते, आणि त्यांतील काही जण तर त्याने नुसते रस्त्यात जाता-येता पाहिलेले होते. पण वर्णन इतके चोख होते, की पुढे या आजाराला त्याचेच नाव पडले. हात स्वस्थ असताना कापतो. काही घ्यायला पुढे केला की कंप कमी होतो. हालचाली मंदावतात. स्नायू ताठर होतात. माणूस पुढे वाकून, पाय घासत, लहान लहान पावले टाकत चालतो.

येथे एक खुलासा केलेला बरा. हात कापणाऱ्या प्रत्येक माणसाला हा आजार असतो असे मुळीच नाही. काही माणसांचा हात स्वस्थ असताना स्थिर असतो आणि कप उचलताना मात्र कापतो. तो बहुधा वेगळा विकार असतो. उलट, पार्किन्सनच्या काही रुग्णांचा हात कापतच नाही; त्यांच्या हालचाली फक्त मंद होतात. त्यामुळे घरच्या घरी निदान करण्याच्या भानगडीत पडू नये. ते काम मेंदूविकारतज्ज्ञाचे आहे.

मुंबईत या आजाराची एक महत्त्वाची पाहणी झाली होती. डॉ. नादिर भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील पारशी वसाहतींत घरोघर जाऊन १४,०१० माणसांची माहिती घेतली. त्यांत ४६ जणांना पार्किन्सनचा आजार असल्याचे आढळले. म्हणजे दर लाखाला सुमारे ३२८. ही पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण पुष्कळ आहे, हे लक्षात घेऊनच हा आकडा वाचायचा. तो साऱ्या महाराष्ट्राला लावून चालणार नाही. पण रुग्णालयात येतील तेवढेच रुग्ण न मोजता दारोदार जाऊन मोजले, यात या कामाची खरी किंमत आहे. कारण म्हातारपणी असे व्हायचेच, असे समजून कितीतरी माणसे डॉक्टरकडे जातच नाहीत.

आता मेंदूच्या आत डोकावू. आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. मेंदूच्या बुंध्याच्या वरच्या भागात, डावीकडे व उजवीकडे, एकेक काळसर पट्टा असतो. तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. शास्त्रज्ञांनी त्याला लॅटिन भाषेत ‘सबस्टान्शिया नायग्रा’ म्हणजे ‘काळे द्रव्य’ असे सरळसोट नाव दिले. तेथील चेतापेशींत एक गडद रंगद्रव्य साठलेले असते, म्हणून तो काळा. १९१९ साली ट्रेटियाकॉफ या संशोधकाने पॅरिसमध्ये दाखवून दिले, की पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत हा काळा पट्टा फिकट पडलेला असतो. का? कारण तेथील पेशी मेलेल्या असतात. ८,६०० कोटींच्या मानाने या पेशी मूठभरही नाहीत; पण त्यांतील निम्म्याच्या आसपास नाहीशा झाल्या, की माणसाला शर्टाचे बटण लावता येईनासे होते.

या पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. मेंदूच्या तळाशी चेतापेशींच्या काही गाठी असतात. शिकलेल्या हालचाली आपोआप सुरू करणे, त्यांचा आकार आणि वेग बेताचा ठेवणे हे त्यांचे काम. त्या गाठींपर्यंत डोपामिन पोहोचले, तरच ‘हं, कर सुरू’ असा इशारा मिळतो. काही पुस्तकांत डोपामिनला यंत्रातील वंगणाची उपमा देतात. मला ती पटत नाही. वंगण कमी झाले तर यंत्र सगळीकडे सारखेच करकरेल. येथे तसे होत नाही. सपाट अंगणात पाऊल उचलू न शकणारा माणूस जिना मात्र सरासर चढतो! म्हणजे स्नायूंची ताकद शाबूत आहे, चालण्याचे ज्ञानही शाबूत आहे. बिघडले आहे ते आपोआप सुरू होणे. हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचा फार उपयोग होणार आहे.

सशांचे कान

आता खाजकुइलीकडे वळू. तिला संस्कृतात कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता म्हणतात. कपि म्हणजे माकड आणि कच्छू म्हणजे खाज. आत्मगुप्ता म्हणजे स्वतःचे रक्षण स्वतःच करणारी. दोन्ही नावे अगदी चपखल! हिवाळ्यात हिच्या इंग्रजी ‘एस’च्या आकाराच्या शेंगा पिकतात. त्यांवर मखमलीसारखी तांबूस लव असते. लव कातडीत शिरली, की अशी खाज सुटते की सांगता सोय नाही. कोणी राख चोळायला सांगतो, कोणी शेण. या लवेत प्रथिने तोडणारे एक विकर असते. त्याचे नाव म्युक्युनेन. कातडीतील चेतातंतूंच्या टोकांना ते थेट चेतवते, म्हणून ही खाज. तेव्हा येऊरला फिरायला गेलात, तर या शेंगांपासून चार हात लांबच राहा.

औषधी द्रव्य मात्र लवेत नसते. ते शेंगेच्या आतल्या बियांत असते. त्याचे नाव लेव्होडोपा. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या दोन संशोधकांनी खाजकुइलीच्या बियांतून ते शुद्ध रूपात वेगळे काढले. त्याआधी १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये गुगेनहाइम या रसायनशास्त्रज्ञाने एका जातीच्या मोठ्या घेवड्यातून ते काढले होते. त्या पठ्ठ्याने अडीच ग्रॅम द्रव्य स्वतःच खाऊन पाहिले आणि त्याला भडाभडा उलट्या झाल्या! शरीरावर याचा काहीतरी परिणाम होतो, एवढे त्यावरून कळायला हवे होते. पण द्रव्य बाटलीत पडून राहिले. आजार ठाऊक होता, द्रव्य हाताशी होते. पण दोघांची गाठ पडायला आणखी चाळीस-पंचेचाळीस वर्षे जावी लागली.

ती गाठ घालून दिली आपल्याच देशातील दुसऱ्या एका वनस्पतीने. सर्पगंधा हे नाव तुम्ही ऐकले असेल. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी वाढलेल्या रक्तदाबावर सर्पगंधेच्या मुळाचा उपयोग पद्धतशीरपणे तपासला आणि १९४९ साली ब्रिटनमधील हृदयविकारविषयक नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. जगाचे लक्ष या मुळाकडे वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. ते रक्तदाब उतरवी. पण ते घेणारे काही रुग्ण सुस्त, ताठर होऊ लागले. थेट पार्किन्सनच्या रुग्णांसारखे!

स्वीडनमधील आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रिसर्पिन टोचले. ससे लुळे पडले, कान खाली लोंबले. मग कार्लसन यांनी त्यांना डोपा टोचले. थोड्याच मिनिटांत ससे उठून बसले आणि त्यांचे कान ताठ उभे राहिले. रिसर्पिनने मेंदूतील डोपामिनचा साठा रिकामा केला होता. डोपाने तो पुन्हा भरला. केवढा साधा प्रयोग, आणि केवढा बोलका! कार्लसन यांना त्यांच्या कामाबद्दल २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढचे पाऊल पडले व्हिएन्नात. ओलेह हॉर्निकिएविच आणि हर्बर्ट एरिंगर यांनी मृत व्यक्तींच्या मेंदूचे तुकडे तपासले. डोपामिन असेल तर रसायन घातल्यावर गुलाबी रंग यायचा. निरोगी मेंदूच्या नमुन्यात रंग आला. पार्किन्सनच्या रुग्णाच्या नमुन्यात जवळजवळ आलाच नाही. हे संशोधन १९६० साली प्रसिद्ध झाले. लगेच १९६१ साली हॉर्निकिएविच यांनी बर्कमायर या डॉक्टरांबरोबर रुग्णांना लेव्होडोपा टोचल्याचे निष्कर्ष छापले. अंथरुणाला खिळलेली माणसे उठून बसली, उभी राहिली, काही चालली. परिणाम काही तासच टिकला. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कॉट्झियास यांनी अगदी थोड्या मात्रेपासून सुरुवात करून ती सावकाश वाढवत नेली, तेव्हा कुठे हे औषध रोज पोटात घेता येईल असे झाले.

तुम्ही विचाराल, मेंदूत डोपामिन कमी आहे तर डोपामिनच का देत नाहीत? प्रश्न अगदी रास्त आहे. रक्तातील वाटेल ती वस्तू मेंदूत शिरू नये, म्हणून मेंदूच्या रक्तवाहिन्यांना एक अडसर असतो. पूर्वी जकात होती तेव्हाचा मुलुंडचा चेकनाका आठवा, किंवा तुमच्या वडिलांना विचारा. समजा, त्या नाक्यावर तयार माल अडवतात, पण कच्चा माल सोडतात. मग हुशार कारखानदार काय करील? कच्चा माल आत नेऊन तेथेच वस्तू बनवील. डोपामिन हा तयार माल; तो नाक्यावर अडतो. लेव्होडोपा हा कच्चा माल; तो आत जातो आणि मेंदूतील पेशी त्याचे डोपामिन बनवतात. पण नाक्याच्या अलीकडे, म्हणजे शरीरात इतरत्रही, बराचसा कच्चा माल वाटेतच वापरला जातो. त्यानेच गुगेनहाइमला उलट्या झाल्या. म्हणून आता लेव्होडोपाच्या गोळीत कार्बिडोपा नावाचे दुसरे द्रव्य घालतात. ते वाटेतील ही गळती थोपवते, आणि लेव्होडोपा कितीतरी कमी लागतो.

मुंबईच्या कसोट्या

मग खाजकुइलीचे काय झाले? आयुर्वेदात कंपवाताचे वर्णन आहे आणि कपिकच्छूच्या बियांचा औषध म्हणून वापरही जुना आहे. पण जुने आहे म्हणून खरे, असे विज्ञान मानत नाही. आणि जुने आहे म्हणून खोटे, असेही मानत नाही. ते तपासून पाहते. मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाजकुइलीची पूड पार्किन्सनच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि १९७८ साली ‘न्यूरॉलॉजी इंडिया’ या नियतकालिकात तिचा उपयोग होतो असे नोंदवले.

पुढे मुंबईच्याच झंडू फार्मास्युटिकल वर्क्सने बियांपासून ‘एचपी-२००’ ही पूड तयार केली. तिची चाचणी निरनिराळ्या ठिकाणच्या ६० रुग्णांवर झाली आणि निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. साडेसात ग्रॅमची एक पुडी पाण्यात कालवून दिवसातून तीन ते सहा वेळा, असे बारा आठवडे. एका पुडीत सुमारे २५० मिलिग्रॅम लेव्होडोपा. म्हणजे दिवसाला किती? करा हिशेब. ७५० ते १,५०० मिलिग्रॅम. रुग्णांच्या हालचालींत स्पष्ट सुधारणा झाली.

पण येथे तुमच्यातील चिकित्सक मुलाने हात वर करायला हवा. या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आपल्याला औषध मिळते आहे, हे रुग्णांना ठाऊक होते. नुसत्या आशेनेही माणसाला बरे वाटते, आणि पार्किन्सनच्या आजारात तर ते फारच दिसते. म्हणून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या चाचणीत युक्ती केली होती. आठ रुग्णांना निरनिराळ्या दिवशी कधी खाजकुइलीची पूड, कधी नेहमीचे औषध दिले. आणि कोणत्या दिवशी काय, हे ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरला! ३० ग्रॅम पुडीचा गुण सरासरी ३५ मिनिटांत दिसू लागला, तर नेहमीच्या औषधाचा ६८ मिनिटांत. गुण टिकलाही ३७ मिनिटे जास्त. खाजकुइली जिंकली म्हणायची! मात्र रुग्ण आठच होते, हे विसरायचे नाही.

याचा अर्थ डोंगरात जाऊन बिया आणाव्यात आणि आजोबांना कुटून द्याव्यात असा मुळीच नाही. प्रत्येक वेलीच्या बियांत लेव्होडोपाचे प्रमाण वेगवेगळे असते. आजोबा आधीच गोळ्या घेत असतील, तर मात्रा दुप्पट होऊन हातपाय नको तसे वळवळू लागतील, भ्रम होईल, रक्तदाब उतरेल. वेल औषधी असली, तरी औषध हे मोजूनच घ्यायचे असते.

आणि लेव्होडोपाचीही एक मर्यादा आहे. ते कमी पडलेले डोपामिन पुरवते. मरत चाललेल्या पेशींना वाचवत नाही. पेशी का मरतात याचा शोध अजून चालूच आहे. सुरुवातीची काही वर्षे औषध सुरेख काम करते. मग एका गोळीचा गुण दुसऱ्या गोळीपर्यंत टिकेनासा होतो. तोल जाणे, आवाज बारीक होणे, पाऊल जागीच थबकणे, यांवर तर गोळी पुष्कळदा अपुरी पडते. तेथे दुसरा मार्ग शोधावा लागतो.

जमिनीवरचा जिना

मघाशी तुम्हाला एक गोष्ट ध्यानात ठेवायला सांगितली होती. अंगणात अडणारा माणूस जिना सरासर चढतो. असे का व्हावे? जिन्याची प्रत्येक पायरी डोळ्यांना दिसते. ‘येथे पाऊल टाक’ असे ती सांगते. बघून, लक्ष देऊन केलेली हालचाल मेंदूत वेगळ्या वाटेने जाते. बिघडलेल्या गाठींना वळसा घालून ती मेंदूच्या पृष्ठभागावरील भागांची आणि अनुमस्तिष्काची मदत घेते. हमरस्ता बंद, पण गल्ली उघडी आहे!

पुण्यात वाढलेल्या मिलेहा सोनेजी या डिझायनर तरुणीने हीच गोष्ट आपल्या घरातील एका वडीलधाऱ्या माणसात पाहिली. सपाट जमिनीवर त्यांना आधार लागे. जिना मात्र ते एकटे उतरत. मिलेहाने काय केले? जिन्याचे चित्र काढले, त्याच्या मोठ्या प्रती छापल्या आणि घरातील सपाट जमिनीवर चिकटवल्या. ते गृहस्थ त्या चित्रावरून आधाराशिवाय चालत गेले! चित्र संपले, तेथे पाऊल पुन्हा थबकले. २०१५ साली एका व्याख्यानात तिने हे सांगितले. तिने चहा-कॉफीसाठी एक पेलाही बनवला होता. त्याची कड आत वळवलेली, म्हणजे हात कापला तरी द्रव हिंदकळून बाहेर येत नाही. कोट्यवधी रुपयांच्या यंत्रांइतकेच मला हे दोन उपाय मोलाचे वाटतात.

डोळ्यांप्रमाणे कानही ही गल्ली उघडून देतो. ठेक्यावर पाऊल सहज पडते. पुण्यात नृत्यशिक्षक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सनच्या रुग्णांसाठी खास नृत्यवर्ग चालवले. ज्यांना खुर्चीतून उठणे अवघड, ती माणसे संगीत सुरू होताच हात उंचावून डोलू लागतात. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईत २००१ साली डॉ. भीम सिंघल यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी, या संस्था रुग्णांना आणि घरच्यांना एकत्र आणून व्यायाम, मोठ्याने बोलण्याचा सराव, गप्पागाणी असे कार्यक्रम करतात. यालाच पुनर्वसन म्हणतात. गेलेली पेशी परत येत नाही. पण गेलेले काम दुसऱ्या वाटेने काही अंशी परत आणता येते.

आता एक प्रयोग करून पाहा. खोलीत सरळ चाला आणि चालताना शंभरातून सात सात वजा करत मोठ्याने आकडे म्हणा: ९३, ८६, ७९... गणित चुकेल कदाचित, पण चालणे थांबणार नाही. कारण तुमचे चालणे आपोआप होते आहे. मग त्याच खोलीत प्रत्येक पावलाला ‘टाच टेक, पंजा टेक, दुसरा उचल’ असे मनाशी म्हणत चाला, आणि तेव्हाच वजाबाकीही करा. पाहा काय तारांबळ उडते! पार्किन्सनच्या रुग्णाचे रोजचे चालणे या दुसऱ्या प्रकारचे असते. म्हणून आजोबा चालत असताना, विशेषतः रस्ता ओलांडताना, त्यांना प्रश्न विचारू नका. उत्तर द्यायला लागले की पाय थांबतात. लोकांना वाटते, ऐकू येत नाही, किंवा मुद्दाम करतात. चेहऱ्याचे स्नायूही मंदावलेले असतात. त्यामुळे चेहरा रागीट दिसतो. माणूस रागावलेला नसतो.

पाऊल थबकले, तर हात धरून ओढू नका. ओढल्याने वरचे अंग पुढे येते, पाय जागीच राहतात आणि माणूस पडतो. थांबू द्या. अंगाचा भार एकदा डाव्या, एकदा उजव्या पायावर झुलवायला सांगा. मग ‘एक, दोन’ म्हणत मोठे पाऊल टाकायला सांगा. आजोबांची सही पूर्वीपेक्षा बारीक होत चालली असेल, तर त्यांना दुरेघी वही द्या. दोन ओळी दिसल्या, की अक्षर पुष्कळदा पुन्हा मोठे होते.

वागळे इस्टेटमधील कारखान्यांत जमिनीवर पिवळे पट्टे रंगवलेले असतात. कोठून चालायचे, ते कामगाराला त्यांवरून कळते. ज्याने चाळीस वर्षे त्या पट्ट्यांच्या कडेने ये-जा केली, अशा एखाद्या टर्नरच्या घरात आज पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रंगीत चिकटपट्टीचे तुकडे लावता येतील. पट्टे चालण्याच्या दिशेला आडवे हवेत, फरशीच्या रंगाहून उठून दिसणारे हवेत, आणि दोन पट्ट्यांमधील अंतर त्या माणसाच्या एका चांगल्या पावलाएवढे हवे. अंतर किती ठेवायचे, हे फिजिओथेरपिस्ट मोजून सांगेल. दाराच्या उंबऱ्याशी एक पट्टा जरूर लावा. पाऊल सर्वांत जास्त अडते ते अरुंद दारातच.